पुलाने तोललेली गाडी

लोखंडी पुलावर मालगाडी चढली की पूल वाकतो. डोळ्यांना ते सहसा जाणवत नाही. गर्डरच्या तळाच्या पोलादावर दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन ताण आला, तर ते मीटरभर लांबीत मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं लांबतं. एवढ्याशा लांबण्यावरून वरच्या प्रत्येक अ‍ॅक्सलचा भार काढता येतो, आणि त्यासाठी गाडीचा वेग कमी करावा लागत नाही.

हे लांबणं टिपतो स्ट्रेन गेज. एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोन अमेरिकनांनी १९३८ मध्ये तो स्वतंत्रपणे शोधला. नखाएवढी नागमोडी धातूपट्टी गर्डरला चिकटवतात. पोलादाबरोबर तीही ताणली जाते आणि तिचा विद्युतरोध वाढतो. वरच्या उदाहरणात १२० ओहममध्ये फरक पडेल तो जेमतेम ०.०२४ ओहमचा!

खरं कोडं पुढे आहे. साकवावरून जाणारा माणूस मध्यावर आला की साकव जास्त झुकतो, कडेला गेला की कमी. पुलाचंही तसंच, फक्त इथे एकाच वेळी अनेक अ‍ॅक्सल असतात आणि गेजला त्यांची बेरीजच कळते. ही बेरीज सोडवण्याची रीत ओहायोतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या फ्रेड मोझेस यांनी १९७९ मध्ये ट्रकांसाठी मांडली. ठरावीक अंतरावरच्या दोन गेजांवरून वेग आणि अ‍ॅक्सलमधलं अंतर मिळतं. एक टन भार पुलावर कुठे असताना गेजपाशी किती ताण येतो, हे आधी मोजलेलं असतं. मग नोंदलेल्या आलेखाशी सर्वांत जवळ जुळणारे भार संगणक शोधतो. स्टॉकहोमच्या केटीएच संस्थेने हीच रीत रेल्वे पुलांवर आणली. ट्रक कुठल्याही लेनमधून जातो, गाडी रूळ सोडत नाही, हा रेल्वेचा मोठा फायदा. शिवाय इंजिनाचं वजन ठाऊक असतं. आपलं डब्ल्यूएजी-९ सहा अ‍ॅक्सलवर १२३ टनांचं आहे, म्हणजे मापाचं वजन गाडीबरोबरच येतं. अडचण होते ती पुलाच्या थरथरण्याची, आणि लांब गाळ्यावर एकदम जमणाऱ्या अ‍ॅक्सलची. म्हणून छोटे पूल बरे.

जादा माल भरणारे यातून सापडतील, पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो पुलाचा हिशेब. पोलादी जोडांना थकवा येतो आणि ते नुकसान साधारणपणे येणाऱ्या-जाणाऱ्या ताणाच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. २००५ पासून भारतीय रेल्वेने ठरावीक मार्गांवर वाघिणींत जास्त माल भरू दिला, तेव्हा अ‍ॅक्सल भार २०.३२ टनांवरून २२.८२ टनांपर्यंत गेला. वाढ सुमारे १२ टक्के, पण थकव्याचं नुकसान दर अ‍ॅक्सलमागे सुमारे ४० टक्क्यांनी जास्त. पुलाच्या बांधणीचं साल पाहून हे कळत नाही. चंद्रपूर-वणीकडून कोळशाचे रेक निघतात, त्या वाटेवरच्या एका लहान पुलाला गेज लावले, तर तेच रेक पुढे ज्या ज्या पुलांवरून जातात, त्या सगळ्यांच्या वाट्याला आलेला भार एका जागी मोजला जाईल.