खेळ आधी, लॅपटॉप मग

सुपर निन्टेन्डो हे घरगुती खेळयंत्र जपानमध्ये नोव्हेंबर 1990 मध्ये आलं. तिथे त्याचं नाव सुपर फॅमिकॉम. त्याच्या प्रोसेसरचा वेग जास्तीत जास्त 3.58 मेगाहर्ट्झ होता. 2011 मध्ये ‘ब्यू’ या टोपणनावानं काम करणाऱ्या आणि पुढे ‘नियर’ म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रोग्रॅमरनं एक प्रदीर्घ लेख लिहिला. हे यंत्र आजच्या संगणकावर तंतोतंत उभं करायचं असेल तर सुमारे 3 गिगाहर्ट्झचा प्रोसेसर लागतो, असं त्यात सोदाहरण मांडलं होतं. म्हणजे मूळ वेगाच्या आठशेपटींहून अधिक.

लॅपटॉप घ्यायला गेलं की ग्राफिक्स कार्डाबद्दल भरपूर ऐकायला मिळतं. या आठशेपटीबद्दल कुणी बोलत नाही. जुने खेळ नव्या संगणकावर खेळायचे असतील, तर पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे हे मात्र याच आकड्यावरून कळतं.

एम्युलेटर हा एका यंत्रासारखं हुबेहूब वागणारा, दुसऱ्या यंत्रावर चालणारा प्रोग्रॅम. सुपर निन्टेन्डोत मुख्य प्रोसेसर, चित्र काढणाऱ्या चिप्स आणि आवाजाची स्वतंत्र चिप, असं सगळं एकाच वेळी चालू असे. भजनात पखवाज, टाळ, वीणा आणि गाणारा एकाच लयीत असतात, तसं. एम्युलेटरला हे सगळं एकट्यानं, आळीपाळीनं वाजवावं लागतं, आणि ऐकणाऱ्याला ते एकत्रच वाजतंय असं वाटावं लागतं. ही आळीपाळी जितकी बारीक, तितकी नक्कल खरी आणि तितकाच खर्च मोठा.

‘एअर स्ट्राइक पेट्रोल’ या खेळात विमानाची सावली जमिनीवर पडते. ती काढण्यासाठी खेळ लिहिणाऱ्यांनी पडद्यावरची एक ओळ अर्धी रंगवून झालेली असतानाच चित्राच्या चिपला दिलेल्या सूचना बदलल्या होत्या. पूर्ण ओळ एकदम रंगवणाऱ्या एम्युलेटरमध्ये ती सावली उमटतच नाही. बाकीचा खेळ नीट चालतो आणि काही हरवलंय हे खेळणाऱ्याला कळतही नाही. अशा एका सावलीसाठी वर्षानुवर्षं झटणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

यातून खरेदीचा पहिला नियम निघतो. एम्युलेशनला सोळा कोअरपेक्षा एका कोअरचा वेग जास्त हवा. या चिप्स क्षणोक्षणी एकमेकींची वाट पाहत असल्यामुळे त्यांचं काम वेगवेगळ्या कोअरवर वाटलं, तर ताळमेळ राखण्यातच फायदा संपून जातो. रेट्रोआर्क या प्रणालीत 2018 पासून ‘रन-अहेड’ नावाची सोय आहे. ती पुढच्या फ्रेम आधीच मोजून ठेवते, त्यामुळे बटण दाबणं आणि पात्रानं उडी मारणं यातला विलंब घटतो, कधीकधी मूळ यंत्राहूनही कमी होतो. पण तेच काम पुन्हापुन्हा मोजायचं, म्हणजे भार पुन्हा प्रोसेसरवरच.

तरीही याचा अर्थ प्रत्येकानं महागडा प्रोसेसर घ्यावा असा नाही. कोणतं यंत्र हवंय ते आधी ठरवा. नव्वदच्या दशकात आपल्याकडे ‘टीव्ही गेम’ म्हणून घरोघरी आलेली यंत्रं ही निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ आपण त्यांवरच खेळलो. मूळ फॅमिकॉमचा वेग 1.79 मेगाहर्ट्झ, पहिल्या प्लेस्टेशनचा सुमारे 34. एवढ्यासाठी घरात पडून असलेला दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप पुरतो. प्लेस्टेशन 2 (सुमारे 294 मेगाहर्ट्झ) आणि गेमक्यूब (सुमारे 485) यांच्यासाठी गेल्या पाच-सहा वर्षांतला मध्यम प्रतीचा प्रोसेसर घ्यावा.

खरी चढण लागते ती प्लेस्टेशन 3 ला. त्याच्या ‘सेल’ प्रोसेसरमध्ये एक मुख्य कोअर आणि गणितासाठी आठ छोटे कोअर होते. त्यांतला एक बंद ठेवलेला, एक यंत्रणेसाठी राखीव, उरलेले सहा खेळांना मोकळे, आणि सगळे 3.2 गिगाहर्ट्झवर धावणारे. आरपीसीएस3 हा एम्युलेटर त्या छोट्या कोअरची भाषा आपल्या प्रोसेसरच्या भाषेत आणतो. इथे मात्र कोअरची संख्याही कामी येते आणि एव्हीएक्स-512 हा सूचनासंच असेल तर वेग चांगलाच वाढतो. इंटेलनं बाराव्या पिढीपासून सर्वसाधारण ग्राहकांच्या प्रोसेसरमधून तो काढून घेतला; एएमडीनं झेन 4 या रचनेत तो आणला.

नेमकी इथेच ग्राहकाची फसगत होते. रायझन 7840, 7735 आणि 7520 हे तिन्ही आकडे 7 नं सुरू होतात, त्यामुळे तिन्ही एकाच पिढीचे वाटतात. रचना सांगतो तो तिसरा अंक. 7840 मधला 4 म्हणजे झेन 4. 7735 मधला 3 म्हणजे आधीच्या पिढीची थोडी सुधारलेली आवृत्ती, तिच्यात एव्हीएक्स-512 नाही. 7520 मधला 2 म्हणजे त्याहून जुनी झेन 2. नंतरच्या काही मालिकांची नावं निराळ्या पद्धतीची आहेत, म्हणून खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांवर न जाता प्रोसेसरचं पूर्ण नाव लिहून घ्यावं आणि त्याची रचना घरी तपासावी.

ग्राफिक्स कार्डाच्या नावातही असाच सापळा आहे. आरटीएक्स 4090 डेस्कटॉपवर 16,384 गणनकेंद्रांचं आहे, तर त्याच नावाचं लॅपटॉपमधलं कार्ड 9,728 चं. लॅपटॉपच्या आरटीएक्स 4060 ला किती वीज द्यायची हे बनवणारी कंपनी ठरवते. एनव्हिडियानं दिलेली मर्यादा 35 ते 115 वॅट इतकी रुंद आहे. पातळ, देखण्या लॅपटॉपमधलं 4060 आणि जाडजूड लॅपटॉपमधलं 4060 ही नावापुरतीच भावंडं असतात. त्यामुळे ‘कार्ड कोणतं’ याच्या जोडीला ‘किती वॅटचं’ हेही विचारलंच पाहिजे. दुकानदाराला उत्तर माहीत नसेल तर कंपनीच्या तपशीलपत्रकात पाहावं. उन्हाळ्याचाही विचार हवा. विदर्भात मे महिन्यात खोलीचंच तापमान चाळिशीला टेकतं. पंखा तीच गरम हवा आत ओढतो, आणि बारीक जाळीचा पातळ लॅपटॉप आपला वेग उतरवून बसतो. अशा ठिकाणी राहणाऱ्यांनी दिसण्यापेक्षा जाडी पाहावी.

नव्या खेळांना मोठं कार्ड लागतं, हे खरंच. पण ज्याला मुख्यतः एम्युलेशन करायचं आहे त्यानं त्यावर उधळपट्टी करू नये. प्लेस्टेशन 2 चं चित्र मोठं आणि रेखीव करायला रायझन 7840 मधलं अंगभूत रेडिऑन 780एम पुरेसं होतं. कार्डाचा खरा उपयोग कधीकधी अनपेक्षित ठिकाणी होतो. गेमक्यूबची ‘फ्लिपर’ चिप रंगकामाची मांडणी क्षणार्धात बदलू शकत असे. संगणकावर मात्र प्रत्येक नव्या मांडणीसाठी नवा शेडर, म्हणजे रंगकामाचा छोटा प्रोग्रॅम, तयार करावा लागतो, आणि तेवढ्यात खेळ अडखळतो. डॉल्फिन एम्युलेटरच्या मंडळींनी सुमारे दोन वर्षं खपून 2017 मध्ये यावर उत्तर काढलं. फ्लिपरची पूर्ण रंगशाळाच त्यांनी एका अवाढव्य शेडरमध्ये लिहिली. नेमका शेडर तयार होईपर्यंत तो काम सांभाळतो आणि अडखळणं थांबतं. तो चालवण्याचं ओझं ग्राफिक्स कार्डावर पडतं.

पडद्याबद्दल थोडक्यात: 120 हर्ट्झ किंवा अधिक आणि बदलत्या गतीशी जुळवून घेणारा हवा. जुनी आर्केड यंत्रं 60 च्या ठोक्यावर चालत नसत. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ सेकंदाला सुमारे 54.7 चित्रं दाखवे, ‘आर-टाइप’ सुमारे 55. साध्या 60 हर्ट्झच्या पडद्यावर ते हिसके देत सरकतात. रॅम 16 जीबी, एसएसडी ऐपतीप्रमाणे.

आता ऑपरेटिंग सिस्टीम. शाळेच्या संगणक कक्षात चोरून ‘डेव्ह’ आणि ‘प्रिन्स’ खेळलेली पिढी महाराष्ट्रात मोठी आहे. ते खेळ डॉससाठी, 16 बिटच्या जगात लिहिलेले. 64 बिटची विंडोज 16 बिटचे प्रोग्रॅम चालवत नाही, आणि विंडोज 11 फक्त 64 बिटमध्येच येते. म्हणजे हे खेळ ज्या कंपनीच्या डॉसवर वाढले, तिच्याच आजच्या विंडोजवर ते थेट उघडत नाहीत. त्यासाठी 2002 पासून डॉसबॉक्स आहे. विंडोज 3.1 च्या काळातले 16 बिटचे खेळ तर लिनक्सवर वाइनच्या मदतीनं आजही उघडता येतात.

वाइनची गोष्ट सांगण्यासारखी आहे. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायचा हा उद्योग 1993 मध्ये सुरू झाला. 1994 पासून अलेक्झांडर ज्युलियार त्याची धुरा वाहत आहेत, आणि त्याची 1.0 आवृत्ती यायला 2008 उजाडलं. पंधरा वर्षांच्या या चिकाटीवर व्हॉल्व्ह कंपनीनं 2018 मध्ये विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन उभारलं. त्यात फिलिप रेबोले यांनी सुरू केलेलं डीएक्सव्हीके हा कळीचा भाग; विंडोजची डायरेक्ट3डी भाषा ते लिनक्सला कळणाऱ्या वल्कनमध्ये बदलतं. 2022 चं स्टीम डेक हे हातात धरायचं खेळयंत्र याच जोरावर लिनक्सवर चाललं. विंडोजसाठी लिहिलेले हजारो खेळ आज लिनक्सवर जवळजवळ काहीही खटपट न करता चालतात. दहा वर्षांपूर्वी हे कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

अपवाद आहेत आणि ते ठळक आहेत. ‘व्हॅलोरंट’ची फसवणूकविरोधी प्रणाली विंडोजच्या गाभ्यात बसते, लिनक्सवर तो खेळ चालत नाही. ‘फोर्टनाइट’चंही तेच. घरातली मुलं मित्रांबरोबर हेच खेळत असतील तर विंडोजच घ्यावी, त्यावर वाद घालू नये. पण 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज 11 ला चालत नाहीत. असे लॅपटॉप भंगारात काढण्याआधी त्यांवर लिनक्स मिंट घालून पाहा. लिनक्ससाठी नवा लॅपटॉप घेत असाल तर एएमडीचं ग्राफिक्स सोपं जातं, कारण त्याचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच असतात.

मॅकबद्दल माझं मत दुभंगलेलं आहे. अ‍ॅपलच्या एम मालिकेतले कोअर एकेकटे फार वेगवान आहेत; डॉल्फिन त्यांवर कमी विजेत उत्तम चालतो. पण 2019 च्या कॅटालिनापासून मॅकनं 32 बिटचे प्रोग्रॅम बंद केले. ओपनजीएल या ग्राफिक्सच्या भाषेचा विकास त्याआधीच थांबवला होता आणि वल्कनला थेट आधार कधी दिलाच नाही. हातात मॅक असेल तर एम्युलेशनचा आनंद जरूर घ्या. खेळांसाठी म्हणून नवा मॅक घेण्याचा सल्ला मी देणार नाही.

कायद्याचा प्रश्न टाळता येत नाही. सोनीनं कनेक्टिक्स कंपनीवर केलेल्या खटल्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयानं 2000 मध्ये स्पष्ट केलं, की सुसंगत एम्युलेटर बनवण्यासाठी मूळ प्रणाली उलगडून पाहणं हा योग्य वापर ठरू शकतो. मात्र 2024 मध्ये निन्टेन्डोच्या दाव्यानंतर युझू हा एम्युलेटर बनवणाऱ्यांनी 24 लाख डॉलर देऊन काम थांबवलं. तिथे वाद खेळांचं कुलूप उघडण्याचा होता. भारतात कॉपीराइट कायद्याचं कलम 52 कायदेशीरपणे मिळवलेल्या संगणक-प्रोग्रॅमची, तो हरवू किंवा बिघडू नये म्हणून, प्रत करून ठेवायला मुभा देतं. कुठून तरी उतरवून घेतलेल्या खेळांना ती लागू होत नाही.

आणि खेळ जपण्याची निकड खरी आहे. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या 2023 च्या अभ्यासानुसार, अमेरिकेत 2010 पूर्वी आलेल्या खेळांपैकी 87 टक्के तेव्हा बाजारात विकत मिळत नव्हते. आपल्याकडचं उदाहरण घ्या. ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा हैदराबादेत बनलेला खेळ 2009 मध्ये प्लेस्टेशन 2 वर आला. मुंबईच्या ट्राइननं गल्ली क्रिकेटवरचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ त्याच यंत्रासाठी केला. या तबकड्या कुणाकुणाच्या कपाटात असतील, आणि त्या वाचणारी यंत्रं एकेक करून बंद पडत आहेत.

म्हणून लॅपटॉपच्या हिशेबात एका यूएसबी डीव्हीडी ड्राइव्हचे पैसे धरा, कारण नव्या लॅपटॉपना ड्राइव्ह नसतो. प्लेस्टेशन 1 आणि 2 च्या तबकड्या साधा ड्राइव्ह वाचतो. गेमक्यूबच्या तबकड्या मात्र बहुतेक ड्राइव्हना वाचता येत नाहीत. तबकडी मऊ कापडानं मधून कडेकडे पुसा, तिची संगणकावर पूर्ण प्रत करा, आणि प्लेस्टेशन 2 चालू अवस्थेत आहे तोवर त्याचं बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारा आतला प्रोग्रॅमही उतरवून घ्या. पीसीएसएक्स2 हा प्लेस्टेशन 2 चा एम्युलेटर त्याशिवाय सुरू होत नाही. प्रत दोन ठिकाणी ठेवा, त्यांतलं एक लॅपटॉपच्या बाहेरचं असू द्या.