माकडराजाची अवघड वाट

हातात काठी घेतलेले एक अनाम माकड जंगलाच्या वाटेने निघते आणि थोड्याच वेळात अवाढव्य डोक्याच्या एका राक्षसाचा मार खाऊन कोसळते. पुन्हा उठते, पुन्हा कोसळते. असा अनुभव देणारा खेळ कोणी पैसे मोजून का खेळावा, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. मात्र २० ऑगस्ट २०२४ रोजी बाजारात आलेल्या ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ या चिनी व्हिडिओ गेमच्या एक कोटी प्रती अवघ्या तीन दिवसांत विकल्या गेल्या. ‘स्टीम’ या विक्रीव्यासपीठावर एकाच वेळी हा खेळ खेळणाऱ्यांची संख्या २४ लाखांच्या घरात पोहोचली.

कथा जुनी, सुरुवात नवी

या खेळाचे मूळ ‘शीयूजी’ म्हणजेच ‘पश्चिमेची यात्रा’ या सोळाव्या शतकातील कादंबरीत आहे. शंभर प्रकरणांच्या या ग्रंथाचे कर्तृत्व परंपरेने वू चंगअन यांच्याकडे दिले जाते. बौद्ध ग्रंथ आणण्यासाठी भारताकडे निघालेला भिक्षू आणि त्याचा रक्षक असलेला माकडराजा सुन वुकाँग यांची ही कथा. त्यातील भिक्षू म्हणजे आपल्याला शालेय पुस्तकांतून परिचित असलेला ह्युएन त्संग. सातव्या शतकात भारतात आलेल्या या प्रवाशाने नालंदा येथे अध्ययन केले, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्राला भेट दिली आणि येथील लोक उपकार स्मरणारे व अपमान न विसरणारे असल्याची नोंद करून ठेवली.

वुकाँग आणि हनुमान यांच्यातील साम्य भारतीय वाचकाच्या सहज लक्षात येते. यावर चीनमध्येही वाद झाला. विचारवंत हू शी यांनी वुकाँगचे मूळ हनुमानात शोधले, तर लेखक लू शुन यांनी त्याचा संबंध चीनमधीलच एका वानररूपी जलदैत्याशी जोडला. हा वाद अद्याप मिटलेला नाही.

खेळाची कथा कादंबरी संपते तेथून पुढे सुरू होते. यात्रेअखेर मिळालेले बुद्धपद सोडून वुकाँग आपल्या डोंगरावर परततो. स्वर्गाला हे मानवत नाही. देवसेनेशी झालेल्या युद्धात तो पडतो आणि त्याचे सत्त्व सहा अवशेषांत विखुरते. दीर्घ काळानंतर एक अनाम माकड हे अवशेष शोधण्यास निघते. तेच खेळाडूचे पात्र.

पराभवातून शिक्षण

खेळातील प्रमुख प्रतिस्पर्धी ऐंशीहून अधिक आहेत आणि काठिण्यपातळी कमी करण्याची सोय कोठेही नाही. शत्रूचा वार कधी येतो, तो चुकवायचा केव्हा आणि काठी उगारायची केव्हा, हे हरत हरतच शिकावे लागते. मदतीला माकडराजाच्या पौराणिक शक्ती आहेत: शत्रूला क्षणभर जागीच खिळवून ठेवणे, अंगावरचा केस उपटून स्वतःच्या प्रतिकृती निर्माण करणे, हरवलेल्या शत्रूचे रूप धारण करणे. पराभवानंतर खेळाडू वाटेवरील शेवटच्या देवस्थानी परततो. या जातीच्या अनेक खेळांत हरल्यावर कमाई गमवावी लागते. येथे मात्र ती शाबूत राहते. गमावतो तो केवळ वेळ.

हे काठिण्य कथेपासून वेगळे नाही. मूळ कादंबरीत उच्छृंखल वुकाँगच्या डोक्यावर एक कडे चढवलेले असते आणि भिक्षूने मंत्र म्हणताच ते आवळले जाते. सरळ मार्गाने खेळ संपविणाऱ्याच्या माकडाच्या डोक्यावर अखेरीस तेच कडे येते. आडवाटा धुंडाळून देवांचा सेनानी अर्लांग याला शोधणाऱ्या व त्याला हरविणाऱ्या खेळाडूलाच वुकाँगच्या आठवणी मिळतात, आणि कडेही टळते. स्वातंत्र्य हवे असेल तर त्याची किंमत मोजावी लागते, हे येथे वाक्यांतून नव्हे, हातांना सांगितले जाते.

जुगार कशासाठी?

हांगचौ येथील ‘गेम सायन्स’ ही संस्था २०१४ मध्ये ‘टेन्सेंट’ या बलाढ्य कंपनीतून बाहेर पडलेल्या फंग जी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारली. आरंभी त्यांनी भ्रमणध्वनीवरील खेळ तयार केले. चिनी बाजारपेठेची सारी भिस्त अशाच, फुकट सुरू होऊन हळूहळू पैसे काढणाऱ्या खेळांवर होती. घरगुती गेम कन्सोलच्या विक्रीवर २००० ते २०१५ या काळात बंदी असल्याने एकदाच मोल देऊन घ्यावयाच्या भव्य खेळांची परंपरा तेथे रुजली नव्हती. २०१८ मध्ये नव्या खेळांचे परवाने कित्येक महिने रोखले गेले. २०२१ मध्ये अल्पवयीनांच्या ऑनलाइन खेळण्यावर शुक्रवार, शनिवार, रविवार व सुटीच्या दिवशी प्रत्येकी एक तास अशी मर्यादा आली. अशा वातावरणात २०२० मध्ये या खेळाची पहिली चित्रफीत झळकली आणि चार वर्षांनी खेळ पूर्ण झाला.

यशानंतर सरकारी माध्यमांनी त्याचे कौतुक केले. खेळात दिसणाऱ्या ३६ प्राचीन स्थळांपैकी २७ शान्शी प्रांतातील आहेत. युनगांगच्या लेण्यांचाही त्यांत समावेश आहे. तेथे पर्यटकांची रीघ लागली. डिसेंबर २०२४ मध्ये ‘द गेम अवॉर्ड्स’ सोहळ्यात सर्वोत्कृष्ट ॲक्शन गेमचा मान या खेळाला मिळाला. वर्षातील सर्वोत्तम खेळाचा किताब मात्र हुकला.

वादही झाले. प्रकाशनापूर्वी काही परदेशी समीक्षक-प्रक्षेपकांना खेळाची प्रत देताना राजकारण, ‘स्त्रीवादी प्रचार’ आणि कोविड यांवर बोलू नये, अशी सूचना पाठविण्यात आली आणि तिच्यावर टीकेची झोड उठली. डोक्यावरचे कडे झुगारण्याची कथा सांगणाऱ्या खेळाबाबत असे घडावे, ही विसंगती अनेकांच्या नजरेतून सुटली नाही.