खुराडे रिकामे ठेवले, तरी गोचीड का संपत नाहीत?

परसातील कुक्कुटपालनात एक तक्रार नेहमी ऐकू येते. कोंबड्या विकल्या, खुराडे दोन महिने रिकामे ठेवले, नवी पिल्ले आणली आणि काही दिवसांतच पुन्हा तोच त्रास. पिल्ले मलूल, तुरे फिकट, एखाद-दुसरे सकाळी मेलेले. अशा वेळी औषधाला दोष देण्यापूर्वी या गोचिडाचा जीवनक्रम समजून घ्या.

जनावरांच्या गोचिडापेक्षा वेगळा

कोंबड्यांचा हा गोचीड म्हणजे आर्गस पर्सिकस. चपटा, लांबट गोल, तपकिरी आणि चामड्यासारख्या पाठीचा. गाई-म्हशींवरील गोचिडाची मादी अंगावरच राहते, एकदाच पोटभर रक्त पिते, खाली पडून हजारो अंडी घालते आणि मरते. कोंबडीचा गोचीड मात्र दिवसा भिंतीच्या फटीत, बांबूच्या सांध्यात, झाडाच्या सालीखाली लपतो. रात्री बाहेर येऊन साधारण अर्धा तास रक्त पितो आणि परत जातो. मादी प्रत्येक वेळी रक्त पिऊन २० ते १०० अंडी घालते आणि हा क्रम अनेकदा चालतो.

याचे कारण पक्ष्यांच्या सवयीत आहे. पक्षी घरटे सोडून जातात, कधी परततील याचा नेम नसतो. अशा जागी जे गोचीड उपाशी तग धरू शकले आणि थोडी थोडी अंडी घालत राहिले, त्यांचीच पिढी पुढे चालली. म्हणूनच मोठा गोचीड उपाशीपोटी एक वर्षाहून अधिक काळ जगू शकतो. दोन महिने रिकामे खुराडे त्याला काहीच नाही.

सगळे गोचीड एका चालीने वाढत नाहीत

तणाचे सगळे बी एकाच पावसात उगवत नाही. काही मागे राहते आणि खुरपणीनंतर वर येते. गोचिडाचेही तसेच आहे. उबदार हवेत अंडी १ ते ३ आठवड्यांत फुटतात, थंडीत जास्त वेळ लागतो. सहा पायांची पिले कोंबडीच्या पंखाखाली ५ ते १० दिवस चिकटून राहतात. त्यानंतरच्या आठ पायांच्या अवस्थेत काही गोचीड दोनदाच कात टाकून मोठे होतात, तर काहींना तीन-चार वेळा कात टाकावी लागते. कोणाला लवकर रक्त मिळते, कोणाला उशिरा. त्यामुळे एकाच खुराड्यात एकाच दिवशी सर्व अवस्था सापडतात.

एका फवारणीत उघड्यावरचे मरतात. अंडी, खोल फटीतले आणि कोंबडीच्या अंगावरचे वाचतात. मात्रा कमी पडली, तर औषध थोडे जास्त सहन करणारेही वाचतात. हा गुण आनुवंशिक असेल, तर पुढच्या पिढीत असे गोचीड वाढतात. अर्धवट फवारणी वारंवार करणे म्हणजे चिवट गोचिडांची निवड आपणच करणे.

नुकसान

रक्त कमी होते, अंडी घटतात. हा गोचीड स्पायरोकीटोसिस हा रोग पसरवतो. त्यात ताप, हिरवी हगवण आणि मरतूक दिसते. पिलांच्या चाव्याने कोंबड्यांना लकवाही होतो. अशी लक्षणे दिसताच पशुवैद्यकाला दाखवा.

काय करावे?

- रात्री बॅटरी घेऊन खुराडे तपासा. दिवसा गोचीड दिसणार नाहीत.
- पंखाखाली लालसर-निळसर ठिपके दिसतात का पाहा.
- औषध व मात्रा पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या. पिकावरचे कीटकनाशक वापरू नका. अंडी व मांस किती दिवस वापरायचे नाही, तेही विचारा.
- कोंबड्या बाहेर काढून फटी, सांधे, छताचा आतील भाग यांवर फवारा. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा आणि तितक्याच अंतराने तिसऱ्यांदा फवारणी करा. या काळात कोंबड्यांवरही सल्ल्यानुसार उपचार करा.
- फटी सिमेंटने किंवा लिंपून बुजवा. फक्त विटा किंवा लोखंडी बांधकाम असेल, तरच ज्योतीने फटी भाजा. कुडाला किंवा गवताच्या छताला आग लावून बसू नका.
- बसायचे दांडे भिंतीपासून दूर ठेवा आणि त्यांचे पाय तेलाच्या वाटीत उभे करा.
- बाजारातून आणलेल्या कोंबड्या दोन आठवडे वेगळ्या लोखंडी पिंजऱ्यात ठेवा. अंगावरची पिले तिथेच गळतील. ती जागा नंतर स्वच्छ करून फवारा.

तिसऱ्या फवारणीनंतरही महिन्यातून एकदा रात्रीची तपासणी वर्षभर चालू ठेवा आणि तारीख वहीत लिहा. गोचीड थांबायला तयार असतो. आपणही तेवढीच चिकाटी ठेवली, तर नवी पिल्ले वाचतील.