दहा सेकंदांत फ्रेममध्ये!

बाबांची एकसष्टी होती. फोटोंचा कोलाज करायचं काम अर्थातच घरातल्या ‘फोटोग्राफर’कडे, म्हणजे माझ्याकडे आलं. माळ्यावरचे अल्बम काढले. महाबळेश्वरला आई, गणपतीपुळ्याला आई, मुंजीत दादा, गॅदरिंगमध्ये मी. आणि बाबा? वीस वर्षांत मिळून सात फोटो. त्यातल्या एकात तर नुसती सावली. अलिबागच्या वाळूत आई उभी आणि तिच्या पायाशी कोपरं वर केलेली एक लांबलचक सावली!

कारण उघड होतं. कॅमेरा कायम त्यांच्याच हातात. त्यांच्या जुन्या याशिकाला सेल्फ-टायमरची खटकी होती. पण छत्तीस फोटोंच्या रोलमधला एक स्वतःवर वाया घालवायचा म्हणजे काय!

मग मी माझी हार्ड डिस्क उघडली. राजमाचीचे काजवे, बाणगंगेच्या पायऱ्या, मित्रांची लग्नं... आणि मी? इथंही सावलीच. बॉस, ही तर आनुवंशिक केस निघाली.

सेल्फी आहेत की!

आहेत ना, ढिगाने. ‘सेल्फी’ला २०१३ मध्ये ऑक्सफर्ड डिक्शनरीवाल्यांनी ‘वर्षाचा शब्द’ ठरवलं, तेव्हापासून तर विचारूच नका. पण हाताच्या अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक कॅमेऱ्याच्या जवळ आणि कान लांब. म्हणून नाक भलतंच मोठं दिसतं. पाच-सहा फुटांवर गेलात की हा फरक जवळपास संपतो. सेल्फ-पोर्ट्रेटचा फंडा तिथूनच सुरू होतो. कॅमेरा खाली ठेवायचा आणि आपण चालत फ्रेममध्ये जायचं.

ही हौस आजची नाही. १८३९ मध्ये फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियस नावाच्या तरुणाने कॅमेऱ्यासमोर उभं राहून स्वतःचा फोटो काढला. विस्कटलेले केस, हाताची घडी. आज शिल्लक असलेल्या सगळ्यात जुन्या सेल्फ-पोर्ट्रेट्सपैकी तो एक. आपल्याकडे चित्रकार अमृता शेरगिलचे वडील उमरावसिंग यांनी अनेक दशकं स्वतःचे फोटो काढले. आणि शिकागोची व्हिव्हियन मायर! मुलं सांभाळायची नोकरी करता करता तिने लाखाहून जास्त निगेटिव्ह जमवल्या. त्यांतल्या कित्येकांत ती आहे, दुकानाच्या काचेत, आरशात किंवा फुटपाथवर पडलेल्या सावलीत. २००७ मध्ये तिच्या निगेटिव्ह लिलावात विकल्या गेल्या आणि २००९ मध्ये ती वारली. तिचं नाव जगाला कळलं ते त्यानंतर.

चला, हात मारून बघा

ठेवायचा कुठे? ट्रायपॉड असेल तर झक्कास. नसेल तर स्टूल, त्यावर डबा, त्यावर जाडजूड पुस्तक. कॅमेऱ्याची उंची डोळ्यांएवढी हवी. मोबाइल असेल तर मागचा कॅमेरा वापरा; तो बहुधा जास्त चांगला असतो.

फोकस कशावर? नव्वद टक्के घोळ इथेच होतो. बटण दाबताना तुम्ही कॅमेऱ्यामागे असता, म्हणून तो मागच्या भिंतीवर फोकस करतो आणि तुम्ही धूसर. उपाय घरगुती आहे. जिथे उभं राहणार तिथे झाडू किंवा खुर्ची उभी करा, त्यावर फोकस करा आणि लेन्स मॅन्युअलवर टाका. आता तुम्ही जाऊन झाडूची जागा घ्या! मोबाइलच्या स्क्रीनवर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस लॉक होतो.

सेटिंग काय? क्रॉप सेन्सरच्या डीएसएलआरवर ५० एमएमची लेन्स लावून सहा-सात फुटांवर बसा, कॅमेरा उभा धरला की कंबरेपर्यंतची फ्रेम मिळते. अॅपर्चर एफ ५.६ ठेवलं, तर तुम्ही इंचभर पुढेमागे झालात तरी चालतं. टायमर दहा सेकंदांचा लावा.

उजेड कुठला? खिडकीचा. खिडकीकडे थोडं तिरकं बसा, दुसऱ्या बाजूला पांढरी चादर किंवा थर्माकोल. ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर चेहऱ्यावर दोन रंगांची भेळ.

‘पण माझे फोटो चांगलेच येत नाहीत!’

हे वाक्य प्रत्येक ऑफिसात ऐकू येतं. त्यामागे एक गंमत आहे. आपला चेहरा आपण रोज आरशात बघतो, म्हणजे डावं-उजवं उलटं. १९७७ मध्ये अमेरिकेत विद्यार्थिनींना त्यांच्याच फोटोच्या दोन प्रती दाखवल्या, एक सरळ आणि एक आरशासारखी उलटी. त्यांना स्वतःची उलटी प्रत जास्त आवडली, त्यांच्या मैत्रिणींना मात्र सरळ. दोघींनाही सवयीचा चेहराच बरा वाटला. तेव्हा तुम्हाला न आवडलेला तो फोटो डिलीट करण्याआधी जरा थांबा. घरच्यांना तुम्ही अगदी तसेच दिसता, आणि उद्या ते शोधतील तो तोच चेहरा.

तर एकसष्टीच्या दिवशी जेवणं झाल्यावर मी खिडकीसमोर खुर्च्या मांडल्या. स्टुलावर स्टीलचा डबा, डब्यावर कॅमेरा. बाबांच्या जागेवर आधी झाडू उभा केला, त्यावर आईचं बोलणं खाल्लं. टायमर दाबला आणि मी धावलो.

बाबा नेहमीप्रमाणे म्हणालेच, ‘‘माझं काय एवढं, तुम्ही बसा.’’ आईने त्यांचा हात धरून ठेवला. खट्!

मग चष्मा वर करून त्यांनी स्क्रीनवर बराच वेळ स्वतःला बघितलं. आयुष्यभर रोल वाचवलेला माणूस हळूच म्हणाला, ‘‘परत एक काढ रे. डोळे मिटलेत माझे.’’