नांव एक, वेल दुसरा

द्राक्षाची काडी विकत घेणारा बागाइतदार बहुधा विकणाऱ्यानें सांगितलेल्या नांवावर विसंबतो. तें नांव चुकीचें असल्यास काय घडतें, हें चिली देशांतील उदाहरणावरून वाचकांच्या ध्यानीं येईल.

मद्याच्या द्राक्षांपैकीं कार्मेनेर व मर्लो ह्या दोन्ही काळ्या जाती फ्रान्सांतील बोर्डो भागांतल्या. काबर्ने फ्रां हा दोहोंचा एक जनक. म्हणजे त्या सावत्र बहिणीच म्हणावयाच्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बोर्डोच्या काड्या चिलींत गेल्या. पुढें फिलॉक्सेरा नामक मुळें शोषणाऱ्या किडीनें फ्रान्सांतील बागा उद्ध्वस्त केल्या. नव्या लागवडींत कार्मेनेर तेथें जवळजवळ लोपला, कारण त्याचा फुलोरा गळतो व फळ उशिरां पिकतें. चिलींत कीड पोंचली नाहीं. तेथें वेल जगला, पण मर्लोच्या नांवावर!

दोन्हींची तोडणी एकदमच होई. कार्मेनेर कांहीं आठवडे मागाहून पिकणारा. त्यामुळें त्याचे अर्धेकच्चे घड रसांत जात व मद्यास ढोबळ्या मिरचीसारखा हिरवट वास येई. १९९४ सालीं फ्रेंच वेलतज्ज्ञ जां-मिशेल बूर्सिको यांनीं हा वेल ओळखला. कार्मेनेरच्या कोंवळ्या पानाची खालची बाजू तांबूस, मर्लोची पांढुरकी असते. (दप्तरांतील चुकीची नोंद फेरफारानें दुरुस्त होते, मळ्यांत मात्र एकेक वेल पाहत हिंडावें लागतें.) १९९८ सालीं चिली सरकारनें ही जात स्वतंत्र मानली.

चीनमध्यें काबर्ने गर्निश्ट म्हणून लावलेला वेलही कार्मेनेरच, असें जनुकांच्या तपासणींत दिसून आलें आहे.