अंतर मोजणारा कॅमेरा

जमीन मोजायच्या दोन रीती असतात. जिथे चालता येतं तिथे टेप टाकायची. मध्ये दरी किंवा नदी आली, तर अलीकडच्या काठावर दोन खुणा करायच्या, त्यांच्यातलं अंतर नीट मोजून घ्यायचं आणि दोन्ही खुणांवरून पलीकडच्या एकाच झाडावर नजर धरायची. दोन कोन मिळाले की झाडाचं अंतर फळ्यावरच्या कागदावर निघतं, दरी उतरावी लागत नाही. आता रोव्हर नावाचं यंत्र आलंय, उपग्रह हे काम करून देतात. पण मी भूकरमापक म्हणून जव्हार-मोखाड्यात फिरायला लागले तेव्हा प्लेन टेबलाचा फळा, त्याची तिवई आणि साखळी घेऊन डोंगर चढावे लागत. म्हणून रेंजफाइंडर कॅमेऱ्यात काय चालतं, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. तो मोजणीचाच कॅमेरा आहे.

त्याच्या कपाळावर काही अंतर ठेवून दोन खिडक्या असतात. एकीतून आपण थेट समोर पाहतो. दुसरीतून आलेलं चित्र आतल्या आरशाने किंवा लोलकाने वळवून पहिल्याच्या मध्यावर, एका लहान उजळ ठिपक्यात टाकलेलं असतं. त्यामुळे ठिपक्यापुरता समोरचा माणूस दोनदा दिसतो. लेन्सची कडी फिरवली की एक प्रतिमा सरकते आणि दोन्ही एकमेकींवर नेमक्या बसल्या की फोकस झाला. दोन खिडक्यांमधलं अंतर ही बेसलाइन. बेसलाइन जेवढी लांब तेवढा कोन अचूक. आमच्या खात्यात हे पहिल्या महिन्यात शिकवतात. माझ्या झोर्की-४ या सोव्हिएत कॅमेऱ्याची बेसलाइन आहे ३८ मिलिमीटर, कीव्ह या दुसऱ्या सोव्हिएत कॅमेऱ्याची ९०. म्हणजे मोजणीदार म्हणून मी कीव्ह घ्यायला हवा होता. पण नाशिकमधल्या एका बंद होत चाललेल्या फोटो स्टुडिओच्या कपाटात झोर्की होता आणि मालकांना तो कुणाला तरी देऊन मोकळं व्हायचं होतं.

झोर्कीची वंशावळ सांगते, कारण ती मजेदार आहे. जर्मनीतल्या वेट्झलर गावी अर्न्स्ट लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाचे तंत्रज्ञ होते. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म वापरून खिशात मावेल असा कॅमेरा त्यांनी बनवला. लायका या नावाने तो १९२५ साली बाजारात आला. त्यात रेंजफाइंडर नव्हता. अंतर डोळ्याने अदमासायचं, नाहीतर वेगळं यंत्र वर खोचायचं. १९३२ मध्ये लायका-२ आला आणि रेंजफाइंडर लेन्सला जोडला गेला. कडी फिरली की प्रतिमाही सरकते, ही सोय तेव्हापासूनची. त्याच वर्षी झाइस कंपनीने काँटॅक्स हा कॅमेरा आणला. दोनच वर्षांत युक्रेनमधल्या खारकीव्हच्या एका बालसुधार वसाहतीत लायकाची हुबेहूब नक्कल तयार होऊ लागली, तिचं नाव फेड. युद्धानंतर मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला त्याच घराण्यातला झोर्की निघाला, आणि काँटॅक्सची यंत्रसामग्री सोव्हिएत संघात गेल्यावर तिच्यातून कीव्ह. माझं झोर्की-४ मॉडेल १९५६ ते १९७३ या काळात सतरा लाखांहून जास्त बनलं. दुर्मीळ वगैरे काही नाही. त्यावरची ज्युपिटर-८ ही ५० मिलिमीटरची, एफ-२ ची लेन्स मात्र झाइसच्या सोनार रचनेची असून फार गोड आहे.

लायकाचा १९५४ चा एम-३ हा या प्रकाराचा कळस मानतात आणि त्याची आजची किंमत ऐकली की आमच्या गुंठ्याचा भाव आठवतो. छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ १९४७-४८ मध्ये भारतात आले, गांधीजींना त्यांच्या हत्येच्या थोडं आधी भेटले, ते लायका घेऊनच. पुढे १९५९ मध्ये निकॉन-एफ आला, लेन्समधून थेट पाहायचे एसएलआर कॅमेरे सगळीकडे झाले आणि रेंजफाइंडर हौशी लोकांकडे उरला.

तो इथे का चालतो, हे सांगायला मला मोजणीवरच जावं लागेल. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर पाड्यापाड्यावर प्लॉट मोजायचे झाले. मोजणी म्हटली की शेजारी येतात, भाऊबंद येतात, पोरं तर येतातच. काम संपलं की मी कॅमेरा काढते. एसएलआरमध्ये लेन्समधून जे दिसतं तेवढंच डोळ्याला दिसतं. आणि फोटो निघण्याच्या क्षणी आतला आरसा उचलला जातो, म्हणजे नेमक्या त्याच वेळी अंधार. इथे आरसाच नाही. लेन्स आपलं काम करते, मी शेजारच्या खिडकीतून बघत असते, क्षण डोळ्यासमोरून जात नाही. लायका एम-३ सारख्या कॅमेऱ्यात तर चौकटीच्या बाहेरचंही दिसतं. खळ्यात कोण येतंय, कोण निघालंय, ते आधी कळतं. माझ्या झोर्कीत ते सुख नाही, म्हणून मी दुसरा डोळा उघडा ठेवते. आवाजही लहान. समोरच्या आजींना फोटो निघाल्याचं कळतच नाही, त्या विचारतात, “निघाला का? मग ह्याच्यात दिसत कुठं नाय?” मोबाइल सगळ्यांकडे आहेत, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. दिसायला वेळ लागेल, असं सांगते.

तो वेळ इथल्या वर्षाशी जुळवून घ्यावा लागतो. भात आणि नागली-वरईची कापणी झाली, दिवाळी उरकली की पाडे रिकामे होतात. घरंच्या घरं भिवंडी, वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाला परततात. कापणीचे फोटो छापून महिन्याभरात घेऊन गेलं तर द्यायला म्हातारी माणसं भेटतात. मी ते पाकिटात घालून वर नाव आणि पाडा लिहून ठेवते आणि पेरणीच्या आधी वाटते.

आता थोडं व्यवहाराचं. घाईच्या प्रसंगी ठिपका जुळवत बसायचं नसतं. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर छिद्र एफ-८ ठेवलं आणि अंतर पाच मीटरवर लावलं, की साधारण साडेतीन मीटरपासून साडेनऊ मीटरपर्यंतचं सगळं पुरेसं स्वच्छ येतं. लेन्सवरच हे आकडे कोरलेले असतात. पाच मीटर म्हणजे माझी सात पावलं, हे मला झोपेतही कळतं. प्रकाश मोजायलाही मीटर लागतोच असं नाही. लख्ख उन्हात छिद्र एफ-१६ आणि शटरचा वेग फिल्मच्या आकड्याइतका, हा जुना नियम. ४०० ची फिल्म असेल तर सेकंदाचा पाचशेवा भाग. आषाढात सूर्यमाळच्या बाजूला ढग अंगणात उतरतात, तेव्हा छिद्र एफ-४ पर्यंत उघडते आणि फिल्मच्या उदारपणावर भरवसा ठेवते. कृष्णधवल निगेटिव्ह फिल्म जास्त प्रकाश पचवते, कमी पचवत नाही.

मोखाड्याचा बोहाडा मात्र वेगळी परीक्षा. शिमग्यानंतरच्या रात्री, सांबळाच्या ठेक्यावर एकेक सोंग येतं. गणपती, त्राटिका, नरसिंह, रावण. मुखवटा मोठा, आतल्या माणसाला बाहेर बघायला फट एवढीशी. त्याच्या तोंडावर फ्लॅश मारणं म्हणजे त्याला मिनिटभर आंधळं करणं, आणि हल्ली मोबाइलवाले ते सर्रास करतात. मी ४०० ची फिल्म १६०० ची समजून वापरते आणि डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवते. छिद्र एफ-२, वेग सेकंदाचा तिसावा भाग. सावल्या काळ्याठिक्कर येतात, येऊ देत. रेंजफाइंडर अंधारातही जुळतो, फक्त त्याला एक ठळक कड लागते. मुखवट्याच्या मुकुटाला चिकटवलेल्या चमकीची कड मी पकडते. सोंग नाचत पुढे येतं, मागे जातं. ते मागे गेलं की पुन्हा येईल त्या जागेवर फोकस धरून थांबायचं.

काय जमत नाही तेही सांगते, कारण या कॅमेऱ्यांचे भक्त ते सांगत नाहीत. साधारण एक मीटरच्या आत जाता येत नाही, म्हणजे फूल, मुंगी, वारली चित्रातली बारीक रेघ विसरा. खिडकी आणि लेन्स वेगवेगळ्या जागी असल्यामुळे जवळच्या फोटोत डोकं कापलं जातं. १३५ मिलिमीटरपेक्षा लांबची लेन्स यावर व्यर्थ, म्हणून पक्षी नाहीत. दाभोसाचा धबधबा छान येतो, पण तो मोबाइलवरही छानच येतो. आणि एक धोका फक्त यातच आहे. लायका, फेड, झोर्की यांचं शटर रबर लावलेल्या कापडाचं असतं. आरसा आड नसल्यामुळे वैशाखाच्या उन्हात लेन्स सूर्याकडे करून कॅमेरा ठेवला तर त्या कापडाला भोक पडतं. भिंगाने कागद जाळतात तसंच ते. लेन्स खाली करून ठेवायची, नाहीतर झाकण लावायचं.

घ्यायचाच असेल तर सुरुवात कॅनोनेट किंवा यशिका इलेक्ट्रो-३५ ने करा, असं मी म्हणेन. दोन्हींच्या लेन्स निघत नाहीत, पण उत्तम आहेत. यशिकाला जुनी पाऱ्याची बॅटरी लागायची, ती आता मिळत नाही. पर्यायी बॅटरी आणि जोडणी शोधावी लागते. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजाराच्या आसपास असे कॅमेरे आणि ते दुरुस्त करणारे अजून सापडतात. लेन्स उजेडासमोर धरून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा. जव्हारला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. इथे कातडी पिशवीत बंद केलेला कॅमेरा गणपतीपर्यंत बुरशीचं शेत होतो. कातडं घराबाहेर, कॅमेरा हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या आणि त्या महिन्यातून एकदा तव्यावर परतून घेतलेल्या. झोर्की घेतलात तर एक लक्षात ठेवा, शटर ताणल्याशिवाय वेगाची चकती फिरवायची नाही.

त्र्यंबक-मोखाडा रस्त्यावरच्या एसटीने रेंजफाइंडरची जुळणी हलते. ती घरी करता येते. कॅमेरा तिवईवर लावायचा, लेन्स अनंतावर ठेवायची आणि दोनेक किलोमीटरवरच्या मोबाइल टॉवरकडे पाहायचं. दोन टॉवर दिसले तर पुढच्या दोन खिडक्यांमधला छोटा स्क्रू काढून आतला स्क्रू केसभर वळवायचा. टॉवर खाली-वर दिसत असेल तर खिडकीची गोल कडी फिरवायची. फळा सपाटीला आणण्यापेक्षा हे सोपं आहे.

खर्चाचं काय? एके काळी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म गावोगावच्या स्टुडिओत असायची. तो कारखाना बंद पडला. आता इलफर्ड, कोडॅक, फोमा, सगळं बाहेरचं आणि महाग. मी शंभर फुटांचा डबा मागवते, म्हणजे आमच्या हिशेबात तीन साखळ्या आणि वर एक फूट. त्यातून छत्तीस फोटोंचे अठरा-एकोणीस रोल अंधारात हाताने भरता येतात. एकेक रोल विकत घेण्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं.

धुण्याचं काम घरीच, आणि खरी अडचण तिथे आहे. डी-७६ हा डेव्हलपर १९२७ पासून चालत आलाय, सरळ आणि खात्रीचा. त्याच्या वेळेचे तक्ते २० अंश तापमानाचे असतात. मे महिन्यात आमच्या टाकीतलं पाणी तिशीच्या पुढे असतं, माठातलं पंचविसाच्या आसपास. मी माठातलंच घेते, डेव्हलपरमध्ये तेवढंच पाणी मिसळून तो सौम्य करते, नाहीतर वेळ पाच मिनिटांच्या खाली जातो आणि फिल्मवर डाग पडतात.

मग शेवटचं धुणं. जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असतं, वाहत्या नळाखाली अर्धा तास. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे आणि त्याच तालुक्यात चैत्र-वैशाखात टँकर येतात, बायका विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने हंडा भरतात. ते पाहून आल्यावर नळ सोडून बसायला हात धजत नाही. इलफर्डची एक पद्धत आहे, ती मी वापरते. टाकी पाण्याने भरायची, पाच वेळा उलटी-सुलटी करायची, ओतायची. दुसरं पाणी, दहा वेळा. तिसरं पाणी, वीस वेळा. एका रोलच्या टाकीत तीनशे मिलिलिटरपेक्षा थोडं कमी पाणी मावतं, म्हणजे सगळं मिळून लिटरभरही लागत नाही. फिल्म वर्षानुवर्षं टिकते.

वापरलेलं फिक्सर मोरीत किंवा ओढ्यात ओतायचं नाही, त्यात फिल्मवरची चांदी उतरलेली असते. मी ते कॅनमध्ये साठवते. शहरात एक्स-रेवाल्यांचं फिक्सर चांदीसाठी विकत घेणारे लोक असतात, कॅन भरला की नाशिकला गेल्यावर त्यांच्याकडे देऊन येते. माझ्या वाट्याच्या चांदीचे पैसे ते देऊ करतात, पण त्यातून एसटीचं अर्धं तिकीटही निघत नाही.