धूळ कुणाच्या नाकाशी मोजायची?

फाउंड्रीत धूळ दिसते ती शेकआउटला. साचा फुटतो, गरम वाळू जाळीवर आदळते आणि क्षणभर पलीकडचा माणूस दिसेनासा होतो. पण डोळ्यांत भरणारी ही धूळ बरीचशी नाका-घशातच अडकते. शिंकून, खाकरून बाहेर पडते. फुप्फुसाच्या तळापर्यंत उतरतात ते साधारण ४ मायक्रॉनचे आणि त्याहून बारीक कण. माणसाचा केस ५०-६० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. हे कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि तासन्‌तास हवेत तरंगत राहतात. शेडमधली हवा निवळली म्हणून कामगार तोंडावरचा रुमाल सोडतो, तेव्हाही ते तिथेच असतात.

कोल्हापूरच्या फाउंड्र्यांना सिंधुदुर्गातल्या कासार्डे भागातून सिलिका वाळू येते. ही वाळू म्हणजे जवळपास सगळा क्वार्ट्झ. तापलेल्या लोखंडाशी गाठ पडली की तिचे दाणे तडकतात. पुढे फेटलिंग खात्यात कास्टिंगला चिकटलेली वाळू ग्राइंडरखाली भरडली जाते, आणि ताजा फुटलेला क्वार्ट्झ फुप्फुसाला जास्त जाचतो. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. लक्षणं दिसायला बहुधा वर्षानुवर्षं लागतात आणि दिसली की अनेकदा क्षयाची औषधं सुरू होतात. गुंता असा की सिलिकोसिस झालेल्याला क्षयाचा धोकाही वाढलेला असतो.

म्हणून धूळ आजार होण्याआधी मोजायची. पण कुठली हवा मोजायची? पूर्वी यंत्र शेडच्या मध्यभागी स्टँडवर ठेवत. १९६० साली इंग्लंडमधल्या हारवेल अणुसंशोधन केंद्रातल्या शेरवुड आणि ग्रीनहाल्घ या दोघांनी बॅटरीवर चालणारा छोटा पंप माणसाच्याच अंगावर चढवला, आणि स्टँडवरच्या यंत्राचा आकडा त्या माणसाच्या श्वासातल्या हवेशी जुळत नाही हे दाखवून दिलं. आज मनात कुठलीच शंका येऊ नये इतकी ही गोष्ट उघड वाटते. ग्राइंडरवर वाकलेल्या माणसाच्या नाकापाशी जी हवा असते, ती दहा फुटांवरच्या स्टँडपाशी कशी असेल? तरीही कित्येक कारखान्यांत धुळीचा अहवाल मागितला की प्रदूषण मंडळासाठी केलेलं धुराड्याचं आणि आवाराचं मोजमाप पुढे केलं जातं. ते कुंपणाबाहेरच्यांसाठी असतं.

अंगावरच्या मोजणीची रीत साधी आहे, पण ती चिकाटी मागते. पंप कमरेच्या पट्ट्याला. तिथून नळी खांद्यावरून कॉलरपर्यंत, नाका-तोंडापासून फुटाभराच्या आत. टोकाला बोटभर उंचीचा सायक्लोन, म्हणजे हवा गरगर फिरवून जाडी धूळ खाली पाडणारी नळी. बारीक धूळ तेवढी वरच्या ३७ मिलिमीटरच्या फिल्टरवर बसते. नायलॉनच्या प्रचलित सायक्लोनला मिनिटाला १.७ लिटर हवा लागते. ओढ कमी झाली तर जाडे कणही फिल्टरवर जातात, वाढली तर बारीकही खाली पडतात. म्हणून पाळीच्या आधी आणि नंतर पंप तपासायचा. आठ तासांत जेमतेम ८१६ लिटर हवा ओढली जाते. फिल्टर आधी तोललेला असतो, नंतर पुन्हा तोलायचा. वाढ एवढीशी असते की साखरेचा एक दाणाही तिच्यापेक्षा जड भरेल.

मग त्या धुळीत क्वार्ट्झ किती टक्के, हे प्रयोगशाळेत पाहायचं. भोपाळनंतर १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियमात मर्यादा आल्या. त्यातलं सूत्र असं: क्वार्ट्झच्या टक्केवारीत २ मिळवा आणि त्या बेरजेने १० ला भागा. येईल ती घनमीटरमागे मिलिग्रॅममधली मर्यादा. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात मोकळा क्वार्ट्झ जवळजवळ नसतो, तिथे उत्तर ५ च्या आसपास येतं. (खडीमशीनवाल्यांनी एवढ्यावर निर्धास्त होऊ नये, नुसती धूळही फुप्फुसाला पुरेशी छळते.) फाउंड्रीच्या धुळीत बेंटोनाइट आणि कोळशाची भुकटीही मिसळलेली असते. समजा, क्वार्ट्झ १८ टक्के निघाला, तर मर्यादा अर्धा मिलिग्रॅम. त्यातला निव्वळ क्वार्ट्झ ०.०९ मिलिग्रॅम भरतो. हेच सूत्र अमेरिकेतही होतं. तिथे २०१६ साली ते बाद करून सरसकट ०.०५ मिलिग्रॅम क्वार्ट्झ ही मर्यादा आणली गेली.

आकडा कुणाच्या अंगावर घेतला, यावर सगळं अवलंबून आहे. पंप सुपरवायझरला लावला तर अहवाल देखणा येणार. फेटलर, शेकआउटवरचा, आणि पाळी संपताना कोरडा झाडू मारणारा कंत्राटी कामगार, यांच्यापासून सुरुवात हवी. कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकणाराही त्यांतलाच. एका दिवसावर विसंबूनही चालत नाही, कारण कास्टिंग बदललं की धूळ बदलते. युरोपच्या २०१८ च्या मानकानुसार तीनच मोजण्यांवर निश्चिंत व्हायचं असेल, तर तिन्ही आकडे मर्यादेच्या एक दशांशाखाली हवेत. मर्यादेच्या काठावर आलेल्या एकाच आकड्याला ‘समाधानकारक’ म्हणणाऱ्या आपल्या अहवालांशेजारी हे ठेवून पाहावं.

आणि आकडा कुणाला कळतो? अमेरिकेच्या कोळसा खाणींत नमुने घेणं कंपन्यांकडेच होतं. १९९१ मध्ये तिथल्या कामगार खात्याने आठशेहून अधिक खाणींवर फिल्टरवरची धूळ फुंकून काढल्याचा आरोप केला. काहींनी गुन्हा कबूल केला. मोठा खटला मात्र टिकला नाही. २०१६ पासून तिथे खाणकामगाराच्या कमरेला असं यंत्र असतं की पाळी चालू असतानाच धुळीचा आकडा त्याला स्वतःला वाचता येतो. वाढला तर तो जागा बदलू शकतो, पाण्याचा फवारा तपासायला लावू शकतो. फाउंड्रीत हे यंत्र अर्धंच काम करेल. धूळ किती ते ते सांगतं, पण तीत क्वार्ट्झ किती ते नाही. त्यासाठी फिल्टर प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो, आणि उत्तर येईपर्यंत फेटलिंगचं काम थांबलेलं नसतं.